फुलांचा तक्ता घरी आला

फुलांचा तक्ता घरी यायचा होता, म्हणून ताईने सकाळपासून सगळ्यांना वेठीला धरलं होतं. माडीवरचं लांब टेबल पुसून झालं, मग परत पुसून झालं. खिडक्यांच्या काचा धुतल्या. खाली छापखान्यातली मशिनंसुद्धा बंद, का तर म्हणे हादरे बसतील.

"जावई येतोय का तक्ता?" अण्णांनी खुर्चीतूनच विचारलं.

"जावई तुमच्या नशिबात नाही अण्णा. तक्त्यावर भागवा," ताई म्हणाली आणि बापलेक दोघंही हसले. लग्नाचा विषय या घरात कधीच मिटला होता. ताईने छापखान्याशी संसार मांडला आणि तो दृष्ट लागावी असा केला, हे अण्णा चारचौघांत कौतुकाने सांगत. घरात मात्र अधूनमधून उसासा टाकत.

तक्ता अण्णांच्या वडिलांच्या हातचा. त्यांना घरात थोरले म्हणायचे. थोरले जन्मभर संशोधकांसाठी मायक्रोस्कोपमधून दिसेल ते काढत राहिले. परागकण, माशांचे खवले, डबक्यातले जीव, काय वाट्टेल ते. ती चित्रं जाडजूड पुस्तकांत छापली गेली आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना चित्रकार, लोहार, काचकाम करणारे ती पुस्तकं चाळायला लागले. परागकणावरून कुणी दिव्याची हंडी केली, खवल्यावरून कुणी जिन्याचा कठडा केला. आणि फुलांच्या तक्त्यावर तर हे अख्खं घर उभं राहिलं. चादरी, दुपटी, फरश्या, नाट्यगृहाचं छत, जिथे बघाल तिथे तेच फूल. लांबट पाकळ्यांचं एक कडं आणि मधे रिकामा गोल. लोक दुकानात येऊन नुसतं "ते फूल द्या" म्हणत.

मूळ चित्र थोरल्यांच्या हयातीतच संग्रहालयात गेलं होतं. आता कलाविद्यालयात मोठं प्रदर्शन भरायचं होतं. थोरल्यांची चित्रं एका बाजूला आणि त्यातून निघालेली कला दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी. ताईने संग्रहालयाशी भांडून भांडून तक्ता आठवडाभरासाठी घरी मागवला, कारण तिला मूळ रंग पाहून पोस्टर करायचं होतं.

चौकट उघडायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे पेन्सिल म्हणत. एक तर तो तसाच उंच आणि काटकुळा, दुसरं म्हणजे चित्रकारांच्या घरात जन्मून त्याने पेन्सिल कधी हातात धरली नाही. तो खाली छपाई बघायचा आणि त्यात खूश होता. त्याने मागचे खिळे उपसले, फळी काढली, काच अलगद उचलली आणि बाजूला झाला.

ताई वाकली आणि तशीच राहिली. जन्मभर तिने हे फूल मोहरीच्या पिवळ्यात आणि हिरव्यात छापलं होतं. इथे ते जांभळट निळं होतं, खाली फिका गुलाबी. शिवाय प्रत्येक पाकळीच्या बाहेरच्या टोकाला एक गडद दाणा होता. मोठा, नीट रंगवलेला, आणि कुठलाही दाणा दुसऱ्यासारखा नव्हता.

"हे दाणे आपण कधी काढून टाकले, अण्णा?"

"मीच काढले. चादरीवर डाग पडल्यासारखे दिसायचे." अण्णा काठी टेकत जवळ आले. "कलेला एवढं सगळं लागत नाही गं."

"लागतं. बघा ना, जिवंत वाटतंय."

तेवढ्यात आतल्या खोलीतून पेन्सिलची बायको आली. कडेवर त्यांची मुलगी भिंगरी, नुकतीच चालायला लागलेली, हातात अर्धं बिस्किट. सुनेला घरात डॉक्टर म्हणायचे, आणि त्यात थट्टाही होती. ती पॅथॉलॉजिस्ट. तिच्याकडे रोगी येत नाही, रोग्याचा तुकडा येतो, असं पेन्सिल पाहुण्यांना सांगायचा. लग्न होऊन आल्यापासून तिने हे फूल चादरीवर पाहिलं, उशीवर पाहिलं, भिंगरीला ज्यात गुंडाळून घरी आणलं त्या दुपट्यावर पाहिलं. मूळ चित्र आज पहिल्यांदा पाहत होती.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"घ्या. एवढी वर्षं झाली आणि विचारते हे काय आहे," पेन्सिल हसला. "तुझं सासर आहे ते."

"तसं नाही. थोरल्यांनी हे कशावरून काढलं?"

अण्णांना हा प्रश्न फार आवडायचा. ते सरसावून बसले. "ते आमच्यात विचारत नाहीत. थोरल्यांचा नियम होता. समोर ठेवलेल्या वस्तूचं नाव आधी विचारायचं नाही. नाव कळलं की हात शहाणा होतो, दिसतं ते सोडून ठाऊक असलेलं काढायला लागतो. नाव ज्याचं त्याने मागाहून लिहावं. मी पन्नास वर्षं झाडांची चित्रं काढली, एकदाही आधी विचारलं नाही."

"आणि या तक्त्याचं नाव मागाहून कुणी लिहिलं?"

"याचं राहिलं. पाण्यातलं शेवाळ असावं. सगळे तसंच म्हणतात."

डॉक्टरने मुलीला ताईच्या हातात दिलं आणि टेबलावरचं भिंग उचललं.

तिला वाटत होतं, आपण चुकलो तर किती बरं होईल. दिवसभर मायक्रोस्कोपखाली काचपट्ट्या बघणाऱ्या माणसाला ढगातही पेशी दिसतात, हे तिला माहीत होतं. पण भिंगाखाली आल्यावर संशयाला जागाच उरेना. थोरल्यांनी काही म्हणून सोडलं नव्हतं. ते गडद दाणे पेशींची केंद्रकं होती. काही पेशी दुभंगताना जशा दिसतात तशाच काढल्या होत्या. आणि अगदी कडेला एक पट्टी होती, एकावर एक शिस्तीत रचलेले थर. ती पट्टी तिने भिंग सरकवून पुन्हा बघितली. थोरले एका डोळ्याने अधू होते, हे तिला आठवलं. मग ताईच्या मांडीवर बिस्किट चोखत बसलेल्या आपल्या मुलीकडे तिने पाहिलं.

"ताई, कडेची ही नक्षी तुम्ही चादरीच्या काठाला लावता ना?"

"लावते की. त्याशिवाय चादर उघडीबोडकी वाटते. का?"

"हे डोळ्याच्या आतलं अस्तर आहे. माणसाच्या डोळ्याचं. एवढी पट्टी निरोगी आहे."

"आणि फुलं?"

"ती गाठ आहे. लहान मुलांच्या डोळ्यात होते. त्या गाठीत पेशी अशाच कडं करून बसतात. कॅन्सर आहे तो, ताई."

पेन्सिलला आधी हसू आलं आणि मग ते तोंडावरच राहिलं. अण्णा चष्मा पुसायला लागले. ताई मात्र उसळली.

"शुद्धीवर आहेस का? अर्ध्या शहराच्या पलंगावर कॅन्सर पसरलाय म्हणतेस? नाट्यगृहाच्या छताला मी कॅन्सर रंगवलाय?"

"तुम्ही फूल रंगवलंत. पण थोरल्यांनी ज्यावरून काढलं, ते फूल नव्हतं."

"शेवाळाला असली कडी नसतात कशावरून?"

"असतीलही. पण शेवाळाला डोळ्याचं अस्तर नसतं. ताई, हे असंच मी हॉस्पिटलमध्ये पाहिलंय. रंगसुद्धा हेच. आम्ही आजही काचपट्टीवर हेच दोन रंग चढवतो."

ताईला एकदम उभं राहावंसं वाटलं, पण मांडीवर मूल होतं. तिच्या डोक्यात भलभलतं यायला लागलं. बाळंतिणींना भेट म्हणून आपण हौसेने कितीतरी दुपटी दिली. लोक म्हणायचे, तुझं फूल बघितलं की प्रसन्न वाटतं. तिला स्वतःचाच राग आला आणि तो सुनेवर निघाला.

"प्रदर्शन तोंडावर आलंय. आत्ताच बरं तुला दिसलं."

"ताई बरोबर बोलतेय," पेन्सिल बायकोला म्हणाला. त्याचं पोट छापखान्यावर होतं आणि ताईचा शब्द म्हणजे छापखान्याचा शब्द. "हे बघ, असेल तुझं खरं. पण हे या खोलीतच राहू दे. बाहेर कळलं तर कुणी आपली चादर हातात धरणार नाही."

"मला प्रदर्शनाचं काही पडलेलं नाही रे," डॉक्टर म्हणाली. ती सासऱ्यांकडे वळली. "अण्णा, थोरल्यांचा डोळा कशाने गेला?"

"गलोलीने. सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतंच. फक्त गलोल मारणारा दर वेळी बदलायचा. कधी तो मावसभाऊ असायचा, कधी शेजारचा वांड मुलगा, आणि सांगणारा रंगात आला की दगड पार नदीपलीकडून यायचा. एकच डोळा असल्याने दुसरा मिटावा लागत नाही, म्हणून मायक्रोस्कोपवर थोरल्यांसारखा माणूस नाही, असा त्या गोष्टीचा शेवट असायचा.

"तेव्हा केवढे होते ते?"

"अगदी लहान. त्यांनाही आठवत नव्हतं. आजी सांगायची, पाळण्यात होते."

"पाळण्यातल्या मुलाला गलोल कोण मारतं, अण्णा?"

ही गोष्ट अण्णांनी लहानपणी ऐकली, मुलांना सांगितली, पाहुण्यांना रंगवून सांगितली. इतकी साधी शंका आपल्याला एकदाही येऊ नये याचं त्यांनाच नवल वाटलं आणि मग भीती वाटली.

"तुम्हाला कुणी भावंडं होती?"

"दादा होता. मी व्हायच्या आधीच गेला. तीनेक वर्षांचा असेल."

"कशाने?"

"तापाने गेला म्हणायचे. आई त्याचं फार बोलत नसे. एवढंच म्हणायची, दिवा लावला की त्याचा एक डोळा मांजरासारखा चमकायचा. कौतुकाने सांगायची गं. मला तर हेवा वाटायचा, आपला का नाही चमकत म्हणून."

डॉक्टरने डोळे मिटून घेतले. पेन्सिलने बायकोला असं करताना कधी पाहिलं नव्हतं.

"चमकतो म्हणजे?" त्याने विचारलं.

"आत गाठ असली की तिच्यावरून उजेड परत येतो. हे पहिलं लक्षण असतं. खूपदा तेवढंच असतं."

अण्णांना आता आई आठवत होती. पहिली चादर छापून झाली तेव्हा ती त्यांनी मोठ्या हौसेने आईच्या पलंगावर घातली होती. संध्याकाळी बघतात तर ती घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवलेली. माझ्या अंथरुणावर हे नको, आई एवढंच म्हणाली. नवऱ्याचं कौतुक बघवत नाही हिला, असं घरात सगळे म्हणाले, आणि अण्णाही त्यांच्यात होते. त्यानंतर कितीतरी दिवस ते तिच्याशी धड बोलले नव्हते. ती तशीच गेली, साध्या पांढऱ्या चादरीवर.

"तक्ता दादा गेला त्याच वर्षीचा आहे," अण्णा म्हणाले. "हे मला नेहमीच माहीत होतं. मला वाटायचं, दुःख विसरायला म्हणून कामात बुडाले असतील. लोकांनाही मी तसंच सांगत आलो."

"अण्णा, नको," ताई म्हणाली.

"दादाचा डोळा आहे हा. पोटच्या पोराचा डोळा समोर ठेवून बसले होते ते. आणि किती नीट काढलाय बघ. कुठे हात थरथरलेला नाही." त्यांनी चित्राकडे पाठ केली. "बाप होता का कोण होता तो?"

पेन्सिलने पाण्याचा ग्लास पुढे केला, तो अण्णांनी घेतला नाही.

"नाव विचारायचं नाही, हा नियम त्यांनी आधी केला का या तक्त्यानंतर, तेही मी कधी विचारलं नाही," अण्णा म्हणाले. "मी पोरांनाही तेच शिकवलं."

डॉक्टरला म्हाताऱ्याची दया येत होती. पण आता थांबून चालणार नव्हतं. "अण्णा, वडिलांना आणि भावाला, दोघांनाही असेल, तर ते रक्तातून आलंय. थोरल्यांची गाठ लहानपणीच आपोआप जिरली असावी, क्वचित तसं होतं. अशा काही घरांत मधल्या एखाद्याला ते शिवतही नाही. पण त्याच्याकडून पुढे जाऊ शकतं."

"म्हणजे माझ्याकडून."

"हो."

"आणि मग माझ्याकडून," पेन्सिल म्हणाला.

मग सगळ्यांनी ताईच्या मांडीकडे पाहिलं. भिंगरीचं बिस्किट संपलं होतं. ती ताईच्या ओढणीचा गोंडा तोंडात घालत होती आणि आपल्याकडे सगळे बघतायत म्हणून खूश झाली होती.

"तिला काही झालेलं नाही," पेन्सिल घाईघाईने म्हणाला. "दिवसभर पळते. काल कबुतर दाखवलं मला तिने. न दिसणारं मूल कबुतर दाखवेल का?"

"एका डोळ्याने दिसत असलं तरी मूल पळतं. थोरल्यांना एकाच डोळ्याने मायक्रोस्कोप दिसत होता."

"मग उद्या दाखवू ना दवाखान्यात," अण्णा म्हणाले. ते आता सुनेच्या बाजूचे राहिले नव्हते. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. "आज नको. आज एवढं पुरे झालं. माझ्यासमोर नको गं पोरी."

"दवाखान्यात न्यायचंच आहे, काहीही झालं तरी. फक्त आज न्यायचं का उद्या, एवढंच मला बघायचंय."

"तू स्वतः तर डोळ्यांची डॉक्टर नाहीस," पेन्सिल म्हणाला.

"नाही. जिवंत डोळा मी कधी तपासलेला नाही."

"झालं तर मग."

डॉक्टर नवऱ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं, आता हे तिघं एक होतील आणि मला माझ्याच मुलीला या खोलीतून उचलून पळावं लागेल. तेवढ्यात ताई बोलली.

"काय करायचं असतं? सांग मला."

"ताई, तू पण?" पेन्सिल म्हणाला.

"तू गप्प बस. माझ्या हाताने मी हिला त्या दुपट्यात गुंडाळून आणलं. मला आत्ताच्या आत्ता कळलं पाहिजे." ताईने गोंडा मुलीच्या तोंडातून काढला आणि तिला नीट समोर बसवलं. "सांग, डॉक्टर."

डॉक्टर गुडघ्यांवर बसली. "साधं आहे. तिच्यापुढे काहीतरी धरायचं, आवाज न करता. मी तिचा एकेक डोळा हाताने झाकणार. दोन्ही डोळे चांगले असतील तर कुठलाही झाकला तरी तिला फार फरक पडायचा नाही. एक अधू असेल तर तो झाकलेला तिला कळणारही नाही. पण चांगला झाकला की तिच्यापुढे अंधार होईल. मग ती हात बाजूला सारेल."

"आणि निघालंच काही, तर?" अण्णांनी विचारलं.

"तर आज उपाय आहेत. दादाच्या वेळी नव्हते. वेळेवर गेलो तर जीव वाचतो, अण्णा. कधीकधी डोळाही वाचतो."

पेन्सिलने टेबलावरचा लाल मुठीचा ब्रश उचलला आणि बायकोशेजारी येऊन बसला. ब्रश त्याने मुलीसमोर धरून हळूहळू फिरवला. भिंगरीची मान ब्रशाबरोबर फिरली.

डॉक्टरने तिच्या उजव्या डोळ्यावर तळवा धरला. भिंगरीने ढुंकून पाहिलं नाही. तिचं लक्ष लाल मुठीवर. तिने हात लांब करून ब्रश पकडला, ओढला आणि बापाला हरवलं म्हणून खिदळली.

"बघ, बघ," पेन्सिल म्हणाला. "काय सांगत होतो मी?"

अण्णांनी काठीवरची पकड सैल केली. ताईनेही मुलीच्या डोक्यावर ओठ टेकवले. डॉक्टर हसली नाही.

"आता दुसरा," ती म्हणाली.

तिने डाव्या डोळ्यावर तळवा धरला. भिंगरीचं हसू थांबलं. तिने आईचा हात बाजूला केला.

"झोप आलीय तिला," पेन्सिल म्हणाला.

डॉक्टरने परत उजवा झाकला. भिंगरी पुन्हा ब्रशाशी खेळायला लागली, मूठ चावून पाहिली, बापाकडे बघून हसली. परत डावा झाकला. ब्रश तिच्या नाकासमोर होता. तिने मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली, ब्रशाकडे पाहिलंच नाही. मग दोन्ही हातांनी आईचं मनगट धरून ते जोर लावून ढकललं आणि रडायला लागली.

"पुरे," अण्णा म्हणाले. "दिसलं मला."

डॉक्टरने हात खाली घेतला. ताईने मुलीला छातीशी धरलं, थोपटलं, गाडीची किल्ली कुठे ठेवली ते आठवायचा प्रयत्न केला, आठवली. मग खोलीभर नजर फिरवत तिने विचारलं, "बूट कुठेयत हिचे?"

बूट पेन्सिलच्या हातात होते. ते त्याने कधी उचलले, हे कुणीच पाहिलं नव्हतं.